निसर्ग मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्याचा सत्कार : तयारीपासून नंतरच्या कामापर्यंत

आमच्या मंडळात एक काका होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे तळ्यावर जायचे आणि पक्षी मोजायचे. सलग १४ वर्षं. आजारी असले तर कुणाला तरी वही देऊन पाठवायचे, पण पान कोरं राहू द्यायचे नाहीत. त्यांचा सत्कार करायचं ठरलं तेव्हा कुणाला तरी कल्पना सुचली की त्यांना आधी काही कळू द्यायचं नाही. मग पहिल्याच रविवारी सकाळी ‘सभागृहाची किल्ली हरवलीय, लगेच या’ असा फोन करून त्यांना बोलावून घेतलं. काका आले, चकित झाले, हसले, दोन शब्द बोलले. आम्ही खूश. पुढच्या आठवड्यात मी गणनेची वही उघडली, तर त्या महिन्याच्या पानावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती : ‘कार्यक्रमामुळे गणना झाली नाही.’ १४ वर्षांतलं पहिलं कोरं पान आम्ही पाडलं होतं, आणि तेही त्या कामाचा गौरव करण्याच्या नादात.

त्यानंतर अशा बऱ्याच कार्यक्रमांच्या तयारीत मी होतो. काही जमले, काही फसले. फसलेल्यांत एक गोष्ट सारखी होती : आम्ही माणसाकडे पाहिलं, त्याच्या कामाकडे पाहिलंच नाही. म्हणून खाली जी पद्धत सांगतोय, तिच्यात निम्मी मेहनत कार्यक्रमाच्या आधी, कागदपत्रांत आणि गप्पांत आहे. तुमच्याकडे साधारण दोन महिने आहेत असं धरून चालतो.

पहिलं काम : कोण, आणि नेमकं कशासाठी

‘त्यांनी मंडळासाठी खूप केलं’ हे वाक्य बैठकीत कुणी उच्चारलं की तिथेच थांबवा आणि विचारा, ‘म्हणजे काय केलं?’ उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. फुलपाखरांच्या नोंदी ठेवल्या. शाळकरी मुलांच्या फेऱ्या चालवल्या. ओढ्याकाठचं उपद्रवी तण दर पावसाळ्यानंतर उपटलं. उत्तर येत नसेल तर एक तर तुम्ही त्या माणसाला पुरेसं ओळखत नाही, किंवा सत्कार त्याच्या वयाचा होणार आहे. वयाचा सत्कार घरचे करतातच.

इथे एक धोका आहे. नजरेत भरतो तो फेरीत पुढे चालणारा, पक्षी ओळखून दाखवणारा. पण मंडळ चालतं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर. सगळ्यांच्या कागदी नोंदी रात्री बसून संगणकात भरणारी बाई, हिशेब ठेवणारा, गाडीत चार जागा असल्या की चार नवख्यांना आणणारा, फेरी संपल्यावर शेवटचा माणूस वाटेवर दिसेपर्यंत थांबणारा. यादी करायला बसाल तेव्हा आधी ही नावं लिहा. नामवंत अभ्यासक तसेही कुणी विसरत नाही.

निर्णय तिघांनी घ्यावा. एक जुना सभासद, एक अलीकडे आलेला आणि एक जो त्या व्यक्तीचा खास मित्र नाही असा. पाच-सात जण झाले की निर्णय लांबतो आणि बातमी फुटते.

आणखी एक, घाईत होणारी चूक : पहिल्याच बैठकीत ‘हा आता दरवर्षीचा पुरस्कारच करून टाकू’ असं ठरवू नका. पहिली तीन वर्षं माणसं सहज मिळतात. चौथ्या वर्षापासून पुरस्कारासाठी माणूस शोधावा लागतो, आणि ते सगळ्यांना दिसतं.

दुसरं काम : वह्या उघडा

बहुतेक मंडळं हा टप्पा गाळतात आणि मग मंचावर ‘अथक’, ‘निःस्वार्थी’, ‘प्रेरणादायी’ या तीन शब्दांवर वेळ काढतात. याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, तीन आठवडे तरी.

कुठे शोधायचं? मंडळाची हजेरी, बैठकांची इतिवृत्तं, जुनी वार्तापत्रं, फेऱ्यांच्या सूचना, फोटोंच्या तारखा. गणनेच्या वह्या असतील तर त्या सगळ्यांत महत्त्वाच्या. ती व्यक्ती ई-बर्ड (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) किंवा आयनॅचरलिस्ट (सगळ्या सजीवांच्या नोंदींचं) वापरत असेल तर तिथे तिच्या याद्या आणि नोंदी तारखेनिशी मिळतात. तरी एक लक्षात ठेवा, ई-बर्ड २००२ साली सुरू झालं आणि आयनॅचरलिस्ट २००८ साली. त्याआधीचं काम आणि नंतरचंही बरंच काम कागदावरच असतं. ‘संगणकावर फार काही दिसत नाही’ म्हणून त्या माणसानं काही केलं नाही असं समजू नका.

मग साधा हिशेब मांडा. समजा, बारा वर्षं, दर महिन्याला एक गणना, म्हणजे १४४. त्यांतल्या किती झाल्या? १३९. एका गणनेला जाण्या-येण्यासकट चार तास धरले तर ५५६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ ७० दिवस एका माणसानं त्या तळ्याला दिले. ‘भरपूर वेळ दिला’ म्हणण्यापेक्षा हा आकडा ऐकताना सभागृह गप्प होतं, हे मी पाहिलंय. आकडे फुगवू मात्र नका. ज्याचं आयुष्य अचूक मोजण्यात गेलं, त्याच्याबद्दल ढोबळ आकडा सांगितला तर त्याला तो तिथल्या तिथे खटकतो. गटानं मिळून केलेलं काम एकट्याच्या नावावर टाकलं तर बाकीच्यांनाही खटकतं.

कुणी विचारेल, दर महिन्याच्या या कंटाळवाण्या आकड्यांचं एवढं काय? त्यांना जर्मनीतल्या क्रेफेल्डची गोष्ट सांगा. तिथल्या कीटकप्रेमींच्या संस्थेतले लोक, बरेचसे हौशी, वर्षानुवर्षं एकाच पद्धतीचे सापळे लावून कीटक गोळा करत होते आणि त्यांचं वजन नोंदवून ठेवत होते. त्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ६३ संरक्षित ठिकाणी उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून जास्त घटलंय. जगभर खळबळ उडाली. सापळा लावणाऱ्याला त्या-त्या दिवशी यातलं काहीही माहीत नव्हतं. अमेरिकेतली ख्रिसमसच्या दिवसांतली पक्षीगणनाही १९०० साली फ्रँक चॅपमन यांच्या सांगण्यावरून अवघ्या २७ जणांनी सुरू केली होती आणि ती अजून चालू आहे. तुमच्या मंडळातल्या वहीचं उद्या काय होईल हे आज सांगता येत नाही, पण वही सलग असली तरच काही होण्याची शक्यता असते. सत्कार करायचा तो त्या सलगपणाचा.

आकड्यांच्या जोडीला माणसं. आठ-दहा जणांना गाठा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : ‘त्यांनी तुम्हाला दाखवलेली एक गोष्ट सांगा.’ ‘त्यांच्याबद्दल काय वाटतं’ असं विचारलंत तर सगळे एकसारखं बोलतील. ‘काय दाखवलं’ विचारलंत तर एक जण सांगेल की पानाखाली चिकटलेली अंडी बघायला त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं. दुसरी सांगेल की चतुर आणि टाचणी या कीटकांतला फरक पंख कसे मिटतात यावरून त्यांनी शिकवला, तेव्हापासून मी तळ्यावर नुसती फिरलेच नाही. ही वाक्यं बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांना वळण देऊ नका.

सामग्री गोळा करताना एक खबरदारी घ्या. दुर्मीळ वनस्पतीची जागा, घुबडाची ढोली, शिकारी पक्ष्याचं घरटं असली माहिती मानपत्रात, फोटोच्या ओळीत किंवा भाषणात येता कामा नये. त्या माणसानं इतकी वर्षं जी जागा जपली, ती तुम्ही कौतुकाच्या भरात जाहीर कराल. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची ठिकाणं मुद्दाम धूसर करतं, ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेही बिंदू दाखवतं. म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण २२ किलोमीटरची चौकट. तुम्हीही तेवढीच सावधगिरी बाळगा.

तिसरं काम : त्यांना विचारा

अचानक धक्का देण्याची हौस आवरा. निसर्ग मंडळात येणारे बरेच लोक गर्दीपासून लांब राहायलाच तिथे येतात. चाळीस माणसांसमोर खुर्चीत बसवून स्तुती ऐकवणं ही काहींना शिक्षाच वाटते.

जवळच्या एकानं, फेरीच्या वाटेवर, सहज बोलता बोलता विचारावं : ‘मंडळाला तुमच्या कामाची दखल घ्यायचीय. कशी घेतली तर तुम्हाला बरं वाटेल?’ बहुधा उत्तर येईल, ‘छे, कशाला?’ पहिलं ‘कशाला’ संकोचाचं असतं, तिथे मागे फिरू नका. आठवड्यानं पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारा. पण दुसऱ्यांदाही सरळ नकार आला तर तो नकारच आहे. मग मंच विसरा, आणि मंडळाच्या इतिवृत्तात त्यांच्या कामाची नीट नोंद करून ते पान त्यांना नेऊन द्या. मी पाहिलेल्यांपैकी एक उत्तम सत्कार असाच झाला होता. हजर माणसं तीन, तीही नदीकाठी उभी.

होकार आला तर बारीकसारीक विचारून घ्या. बोलायला आवडेल का? फोटो चालतील का? घरचं कोण येणार? आणि विचारायला अवघड, पण आवश्यक असा प्रश्न : अमुक एक माणूस बोलायला उभा राहिला तर चालेल ना? मंडळात जुने रुसवे असतात. ते मंचावर उकरून निघायला नकोत.

चौथं काम : द्यायचं काय

बाजारात तयार मिळणारं चकचकीत स्मृतिचिन्ह हा माझ्या मते सगळ्यात वाया जाणारा खर्च. ते कपाटावर जातं आणि तिथेच धूळ खातं.

दुर्बीण देणं अनेकांना सुचतं. चांगली कल्पना आहे, पण न विचारता घेऊ नका. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. पहाटेच्या अंधुक प्रकाशात ही बरी, पण वजनाला जड. मान किंवा मनगट दुखणाऱ्या माणसाला ८×३२ जास्त सोयीची. चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यांमध्ये किमान १५-१६ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, नाही तर भोवती काळी कडा येते. फुलपाखरं बघणाऱ्याला दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसायला हवं. शिवाय जुन्या दुर्बिणीशी माणसाचं नातं असतं. कित्येकदा तीच साफ करून, भिंगं जुळवून, नवा पट्टा लावून परत दिली तर नव्या दुर्बिणीपेक्षा जास्त आनंद होतो.

झाड लावायचं असेल तर तीन प्रश्न. झाड त्याच परिसरातलं आहे का? जागेच्या मालकाची परवानगी लेखी आहे का? पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव काय? तिसऱ्या प्रश्नाला ‘मंडळ’ हे उत्तर चालत नाही. आणि मोकळं माळरान दिसलं म्हणून तिथे झाड लावू नका. गवताळ माळ हा स्वतंत्र अधिवास आहे, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना तो मोकळाच लागतो. एखाद्या माळरानाच्या अभ्यासकाच्या सन्मानार्थ माळरानावर झाडं लावली जाणं ही थट्टा झाली. बाकाचंही असंच. पाटी लावणं सोपं, पाच वर्षांनी मोडलेली फळी बदलणं अवघड.

नाव देण्याचा मोह फार असतो. ‘एखाद्या कीटकाला त्यांचं नाव देता येईल का?’ असं आमच्याकडेही विचारलं गेलं होतं. मंडळाला ते देता येत नाही. प्राण्यांची शास्त्रीय नावं आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार ठरतात. नवी प्रजाती शोधून तिचं वर्णन जो प्रसिद्ध करतो, तोच नाव सुचवतो. नावाचं शेपूटही नियमानं लागतं : पुरुषाच्या नावावरून असेल तर ‘आय’, स्त्रीच्या नावावरून असेल तर ‘एई’. आणि नाव ज्याच्या हातून काम झालं त्यालाच मिळतं असंही नाही. १९४८ साली एका चहामळ्यावरच्या हौशी निसर्ग अभ्यासकानं मिळवलेलं वटवाघूळ संग्रहालयात दुसऱ्याच प्रजातीच्या नावानं पडून होतं. १९७२ मध्ये ती नवी प्रजाती असल्याचं कळलं आणि तिला नाव मिळालं सालिम अलींचं. शिवाय आता वारंही उलटं फिरलंय. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीनं २०२३ मध्ये जाहीर केलं की व्यक्तींवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं ती बदलणार आहे. म्हणून नाव द्यायचंच असेल तर आपल्या हातातल्या गोष्टीला द्या : दरमहा चालणाऱ्या गणनेची वाट, मंडळाचं ग्रंथालय, वर्षातली एक फेरी. वाटेचं नाव लोकांच्या तोंडी बसतं. ‘आज काकांच्या वाटेनं जाऊ’ असं नवा सभासद म्हणाला, की त्याला काका कोण हे सांगावं लागतंच.

माझी स्वतःची पसंती मात्र वेगळी आहे. नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा खरा सन्मान म्हणजे त्याच्या नोंदी जगाला वापरता येतील अशा करून देणं. वह्यांची पानं स्कॅन करा, चार-पाच जणांत वाटून तक्त्यात भरा, एकानं भरलेलं दुसऱ्यानं तपासा. मग तो संच जीबीआयएफसारख्या, जगभरच्या सजीवांच्या नोंदी साठवणाऱ्या खुल्या भांडारात देता येतो. तिथे प्रत्येक संचाला कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि कुणी अभ्यासकानं तो वापरला की तुमच्या माणसाच्या नावासकट उल्लेख होऊ शकतो. तिथे नोंदणीकृत संस्थेमार्फतच माहिती देता येते, तेव्हा तुमचं मंडळ लहान असेल तर एखाद्या महाविद्यालयाशी किंवा संग्रहालयाशी बोला. हे दोन महिन्यांत पुरं होणार नाही. होऊ दे उशीर. सत्काराच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या पानांची छापील प्रत हातात द्या आणि बाकीचं काम कोण, कधी करणार ते तिथेच सांगा. मात्र आधी त्यांची संमती घ्या. वह्या त्यांच्या आहेत.

आणि एक भेट फुकट असते, तरी फार कमी मंडळं देतात : कामातून सुटका. फेरीची तारीख सगळ्यांना कळवणं, परवानग्यांचे अर्ज, हिशेब असली किचकट कामं वर्षभरासाठी दुसऱ्या कुणी उचलायची, म्हणजे त्यांना नुसतं तळ्यावर जाता येईल. सत्कार करून लगेच कार्याध्यक्षपद गळ्यात घालणारी मंडळं मी पाहिली आहेत. तसलं काही करू नका.

पाचवं काम : दिवस आणि जागा

माझी सुरुवातीची गोष्ट आठवा आणि आधी त्यांचं वेळापत्रक पाहा. गणनेचा दिवस टाळा, किंवा गणना पूर्ण झाल्यावर तिथेच कार्यक्रम करा. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. निमित्त हवंच असेल तर ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८५ साली ठरवला. पक्ष्यांचं काम असेल तर मे आणि ऑक्टोबर महिन्यांचा दुसरा शनिवार जागतिक स्थलांतरित पक्षी दिन म्हणून पाळतात. पण निमित्त दुय्यम.

उघड्यावर करणार असाल तर विणीच्या हंगामात घरट्यांच्या जवळ गर्दी नेऊ नका. ध्वनिक्षेपक नको, तीस-चाळीस माणसांना उभ्यानं बोललेलं ऐकू जातं. फुगे तर अजिबात नकोत, सुटलेल्या फुग्याचे तुकडे आणि दोऱ्या प्राण्यांच्या पोटात आणि पायांत जातात. बसायला सावली, वयस्कर माणसांना पाठ टेकायची सोय आणि पाऊस आला तर जवळच एखादं छप्पर, एवढं पुरे.

सहावं काम : मानपत्र

मानपत्र लिहायचं काम एकाच माणसाला द्या. समितीनं लिहिलेलं मानपत्र ओळखू येतं, त्यात विशेषणांची भरती असते. लांबी दोनशे शब्दांच्या आत, म्हणजे वाचायला दोन मिनिटं.

लिहिताना माझी एक युक्ती आहे. पहिला मसुदा झाला की त्यातलं व्यक्तीचं नाव खोडायचं आणि मंडळातल्या दुसऱ्या कुणाचं तरी घालून पाहायचं. मजकूर तरीही चालला तर तो फाडायचा. ‘निसर्गावर मनापासून प्रेम करणारे, सदैव हसतमुख, तरुणांचे मार्गदर्शक’ हे निम्म्या गावाला लागू पडतं. आता हा एक काल्पनिक नमुना पाहा :

‘गेली बारा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपण तळ्याला फेरी मारलीत. १४४ पैकी १३९ फेऱ्या पूर्ण झाल्या. राहिलेल्या पाचांची कारणंही आपल्या वहीत आहेत. तुतारी आणि चिखल्या या पक्ष्यांतला फरक आपण या मंडळातल्या निदान वीस जणांना शिकवलात, आणि ज्यांना तो तीनदा सांगूनही कळला नाही त्यांना चौथ्यांदा सांगितलात. तळ्याच्या उत्तर काठावर भराव पडू लागला तेव्हा मंडळ अधिकाऱ्यांसमोर गेलं ते आपल्या वहीतले आकडे घेऊन. आपली दुर्बीण आपल्यापेक्षा नवख्यांच्याच गळ्यात जास्त राहिली. या कामाची नोंद मंडळाच्या दप्तरी राहावी म्हणून हे मानपत्र.’

यात एकही ‘महान’ नाही, आणि दुसऱ्या कुणाला हे देता येणार नाही. दोन गोष्टी लक्षात आल्या असतील. न झालेल्या पाच फेऱ्या लपवलेल्या नाहीत. त्या सांगितल्या म्हणूनच १३९ वर विश्वास बसतो. आणि थोडी चेष्टा आहे, पण ती त्या माणसाची नाही, आपली आहे.

छापायला देण्याआधी नाव, आडनाव, वर्षं आणि प्रत्येक प्रजातीचं नाव दोघांनी तपासावं. एका मानपत्रावर आम्ही ज्या पक्ष्याचं चित्र छापलं होतं, तो भलताच निघाला. पाहुण्यांना कळलं नाही. ज्यांना मानपत्र दिलं त्यांना कळलं आणि त्यांनी सौजन्यानं काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

सातवं काम : प्रत्यक्ष कार्यक्रम

चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाच मिनिटं प्रास्ताविक. मग तिघं बोलतील, प्रत्येकी चार मिनिटं : एक जुना सहकारी, एक ज्याला त्यांनी शिकवलं असा, आणि जमलं तर एक लहान मूल किंवा अगदी नवा सभासद. दुसऱ्या टप्प्यात गोळा केलेली वाक्यं इथे उपयोगी पडतात. जे येऊ शकले नाहीत त्यांची वाचून दाखवा. मग मानपत्राचं वाचन, भेट, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांचे चार शब्द. उरलेला वेळ मोकळा ठेवा.

बाहेरचा मोठा पाहुणा आणायचा का? आणला तर कार्यक्रम त्याचा होतो. तो उशिरा येतो, त्याचं भाषण लांबतं, फोटोत मधोमध तोच असतो. मी म्हणेन, नको. त्याऐवजी सत्कारमूर्तींच्या घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा. इतकी वर्षं सुटीच्या पहाटे घरातून माणूस नाहीसा होतो, ते त्यांनी सोसलेलं असतं. त्यांचे नाव घेऊन आभार माना.

सूत्रसंचालकाला घड्याळ द्या आणि कुणाला तरी मधेच थांबवण्याचं धैर्य असलेला माणूस त्या जागी नेमा. आणि मधेच डोक्यावरून एखादा घारींचा किंवा बगळ्यांचा थवा गेला तर सगळ्यांना मान वर करू द्या. सत्कारमूर्ती करणारच आहेत.

आजारपण असेल, किंवा उशीर झाला असेल

प्रकृती ठीक नसेल तर दोन महिन्यांची तयारी विसरा. याच आठवड्यात चार-पाच जण घरी जा, अर्धा तास बसा, मानपत्र वाचा, तळ्यावर सध्या काय दिसतंय ते सांगा. ध्वनिमुद्रण करायची परवानगी असेल तर त्यांच्या आठवणी नोंदवून घ्या : कुठलं झाड केव्हा पडलं, पाणी कुठवर यायचं, कुठला पक्षी दिसेनासा झाला. ही माहिती अनेकदा वहीतही नसते.

माणूस गेल्यानंतर घरच्यांकडे लगेच वह्या मागू नका, पण फार थांबूही नका. घर आवरताना पहिल्यांदा रद्दीत जातात त्या अशाच वह्या. काही आठवड्यांनी जाऊन एवढंच सांगा की या कागदांना मोल आहे, टाकू नका, आम्ही येऊन स्कॅन करतो आणि मूळ प्रती तुम्हाला परत देतो.

नंतरचं काम

आठवड्याच्या आत फोटो आणि मानपत्राची प्रत घरी पोचवा. मानपत्राचा पूर्ण मजकूर इतिवृत्तात लिहा, नुसतं ‘सत्कार झाला’ असं नको. दिलेली आश्वासनं तारखेसकट कुणाच्या तरी नावावर टाका : वह्यांचा तक्ता कोण भरतंय, झाडाला पाणी कोण घालतंय, परवानग्यांचे अर्ज आता कोण करतंय. तीन महिन्यांनी बैठकीत ही यादी पुन्हा वाचा.

आणि पुढच्या गणनेला दोन नव्या सभासदांना त्यांच्याबरोबर पाठवा. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं, आणि त्यांनी बाजूला उभं राहून चुका काढायच्या. आमच्या काकांनी त्या कोऱ्या पानानंतर आणखी तीन वर्षं असंच केलं. आता वही ज्या मुलीकडे आहे, तिनं ते पान चिकटपट्टी लावून जपून ठेवलंय, आणि गणनेच्या रविवारी मंडळाचा दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवायचा म्हटलं की ती तेच उघडून दाखवते.